कळांपासून सव्वा महिन्यापर्यंत सोबत कशी करावी

लेबर रूममध्ये कोण जाणार हे आठव्या महिन्यातच ठरवा, आणि ते गरोदर बाईलाच ठरवू द्या. मान म्हणून सासूबाईंना पाठवायचं आणि त्यांनीच आत घाबरून रडायचं, असं होऊ नये. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीणीला परवानगी दिली. ती शक्यतो स्वतः बाळंत झालेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा. नवऱ्याला आत घेणं आडोशाच्या सोयीवर अवलंबून असतं. पुण्यात ससूनला, महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात किंवा खासगीत, जिथे नाव घातलं असेल तिथे तपासणीलाच विचारून ठेवा: कोण चालेल, मध्येच माणूस बदलता येईल का, सिझर ठरलं तर काय.

कळा मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ धरा. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघायचं. वाघोली किंवा हिंजवडीहून संध्याकाळी शहरात यायचं असेल तर त्याच्याही आधी. पाणी गेलं, रक्त जाऊ लागलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा सदतीस आठवडे भरायच्या आत कळा आल्या, तर मोजत बसू नका.

आत गेल्यावर मुख्य काम म्हणजे तिथून न हलणं. बाहेरच्या नातेवाइकांना बातम्या पुरवायचं काम दुसऱ्या कुणाला द्या. कंबर फार भरून येत असेल तर तळहाताची टाच माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर ठेवा, कळ चढेल तसा दाब वाढवा, ओसरली की हात काढा. किती जोर हवा ते तीच सांगेल. बहुतेकींना आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त लागतो. एखादीला अचानक स्पर्शच नकोसा होतो, तेव्हा रुसू नका. दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी द्या (डॉक्टरांनी मना केलं नसेल तर). दर दोन तासांनी लघवीची आठवण करा, भरलेलं मूत्राशय बाळाच्या वाटेत येतं. उताणं पडून राहिलं की मोठ्या रक्तवाहिन्यांवर गर्भाशयाचा भार येतो, म्हणून कुशीवर वळवा, बसवा किंवा परवानगी असेल तर चालवा.

“जोर लाव” हे मात्र तुम्ही म्हणायचं नाही. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर लावला तर ती नुसतीच दमते. तोवर “श्वास हळूहळू सोड” एवढंच, तेही एकाच माणसाने बोलावं. पोटावर वरून दाब द्यायची जागतिक आरोग्य संघटना शिफारस करत नाही. तसं होताना दिसलं तर का, ते शांतपणे विचारा. बाळ ठीक असेल तर पहिल्या तासात ते आईच्या उघड्या छातीवर असावं आणि अंगावर पाजायला सुरुवात व्हावी.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पान्हा भरतो, टाके दुखतात आणि कारण नसताना रडू येतं. हे दोन आठवड्यांत ओसरतं. त्याला औषध म्हणजे झोप: बाळाला पाजून झालं की दुसऱ्याने घ्यावं आणि तिला सलग चार तास मिळवून द्यावेत. बघायला येणाऱ्यांना बारशाची तारीख सांगून परत पाठवा. “दूध पुरतंय का गं?” हा प्रश्न तर दारातच अडवा. बंद खोलीत कोळशाची शेगडीही नको, तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

दोन आठवड्यांनंतरही उदासी असेल, बाळ झोपलं तरी हिला झोप लागत नसेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे न्या. “जीव नकोसा वाटतो का?” असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही बोलता येतं. गोळ्या लागल्या तर अंगावर पाजणं बंदच करावं लागतं असं नाही, स्तनपानात चालणारी औषधं असतात. स्वतःच्या मनाने मात्र ती थांबवू नका.

आवाज ऐकू येणं, बाळाविषयी भलत्याच शंका, रात्र रात्र जागूनही थकवा नाही: हा प्रकार बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. ही बाहेरची बाधा नाही. त्याच दिवशी मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात न्या, आणि पोचेपर्यंत तिला किंवा बाळाला एकटं सोडू नका.