खाडीवरच्या पुलाची टीम: कोणाला कोणतं काम द्यायचं

कोकणात खाडीवर पूल बांधायला घेतलात की पहिली शिफ्ट भरती-ओहोटी ठरवते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून आठ ते सहाची ठरीव ड्युटी पाण्यातल्या गँगला लावून चालत नाही. प्लॅनिंग इंजिनिअरने महिन्याचा तक्ता करताना अमावास्या-पौर्णिमेची उधाणं आधी मांडावीत आणि जोखमीची कामं अष्टमीच्या आसपास, भांगावर (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यांत कमी असतो तेव्हा) घ्यावीत. पाया मेअखेर पाण्याबाहेर आलाच पाहिजे. पावसाळ्यात माणसं गर्डरच्या (पुलाच्या तुळयांच्या) यार्डात वळवायची, हेही तेव्हाच लिहून ठेवा.

नव्या इंजिनिअरला 'साइट बघ' असं मोघम काम देऊ नये. त्याला एक पिअर (पुलाचा खांब) द्या आणि त्याच्या पायाची पाइल, म्हणजे जमिनीत खोल खणलेल्या भोकातला काँक्रीटचा खांब, ओतताना रजिस्टर त्याच्याच हातात ठेवा.

समजा पाइल १.२ मीटर व्यासाची, २५ मीटर खोल आहे. हिशेबाने काँक्रीट २८.३ घनमीटर लागतं. बोअर (पाइलसाठी खणलेलं भोक) थोडा फुगतोच, म्हणून ३१ धरा. ६ घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या सहा खेपा झाल्या. एक माणूस बॅचिंग प्लांटवर, एक पाइलवर, ट्रेमीवर, म्हणजे काँक्रीट तळापर्यंत नेणाऱ्या पाइपवर, फोरमन. प्रत्येक मिक्सर रिकामा झाला की वजन बांधलेली टेप सोडून काँक्रीटची पातळी मोजायची आणि ट्रेमीचं खालचं टोक किमान २ मीटर काँक्रीटमध्ये बुडालेलं आहे ना, हे बघून मगच पाइप काढायचा. काँक्रीट उतरत नाही म्हणून फोरमन घाईने पाइप वर ओढतो, टोक बाहेर येतं, गाळ आत शिरतो आणि पाइलमध्ये सांधा पडतो. तो टेस्टमध्ये कळेपर्यंत रिग (बोअर खणणारं यंत्र) पुढच्या पिअरवर गेलेली असते. म्हणून 'काढा' हा शब्द फक्त रजिस्टरवाल्याने उच्चारायचा, मग तो साइटवर सगळ्यांत ज्युनिअर का असेना.

क्वालिटीचा माणूस साइट इंजिनिअरच्या हाताखाली कधीही ठेवू नका. मिक्सर परत पाठवायचा अधिकार त्याच्याकडेच हवा. वळणाच्या रस्त्याने गाडीला उशीर होतो, स्लम्प (काँक्रीटचा पातळपणा) उतरतो आणि ड्रायव्हर पाणी मारतो. स्लम्प पिअरपाशीच मोजा. ट्रेमीला १५० ते २०० मिलिमीटर लागतो.

बेंटोनाइट ही बोअरच्या बाजू धरून ठेवायला पाण्यात कालवतात ती माती; तिच्यासाठी रात्रपाळीलाही स्वतंत्र माणूस हवा. भरतीला बाहेरचं पाणी चढतं. बोअरमधली पातळी त्याच्यापेक्षा किमान १ मीटर वर राहिली नाही तर बोअरच्या बाजू ढासळतात. बेंटोनाइट गोड्या पाण्यातच कालवायचं, खाऱ्या पाण्यात ते नीट फुगत नाही आणि गुठळ्या धरतं. तेव्हा टँकर वेळेवर आणणं हे स्टोअरकीपरचं काम, त्याच्या नावावर लिहा.

सर्व्हेअरने दोन्ही काठांवरचे कंट्रोल पॉइंट (मोजमापाच्या पक्क्या खुणा) पाइलिंगच्या आधी एकमेकांशी जुळवून घ्यावेत. बार्जवर बेंचमार्क (उंची मोजायची खूण) धरू नये, ती पाण्याबरोबर हलते.

सेफ्टीच्या होडीवर गावातलाच तांडेल घ्या. ओढ कुठे आहे ते त्याला माहीत असतं, आणि जाळी कुठे लागली आहेत तेही तोच सांगतो. महाडला सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. पावसाळ्यात तात्पुरत्या पुलावरची वाहतूक कोणत्या पाणीपातळीला थांबवायची, ती खूण आधीच रंगवा आणि थांबवणाऱ्याचं नाव तिच्याखाली लिहा.