तुळस-पिस्ता शॉर्टब्रेड, वरून लिंबाचं आयसिंग

शॉर्टब्रेड म्हणजे बटरची खुसखुशीत कुकी, मूळची स्कॉटलंडची, पण नानकटाई आवडणाऱ्याला लगेच आपली वाटते. प्रमाण सोप्पंय, १०० ग्रॅम बारीक साखर, २०० बटर, ३०० मैदा. तुळशीची आठ-दहा पानं धुवून पार कोरडी करा आणि साखरेतच बोटांनी चुरडा, साखर हिरवट ओलसर झाली की वास असा सुटतो ना, मग त्यात बटर फेटून मैदा आणि मूठभर जाडसर पिस्ते घालून फक्त गोळा जमवायचा, मळायचं अजिबात नाही, नाहीतर चिवट होतात. रोल करून तासभर फ्रीजमध्ये, नाशिकच्या डिसेंबरातल्या थंडीतसुद्धा हे टाळू नका. बोटाएवढ्या जाड चकत्या कापून ओव्हनमध्ये, १६० डिग्री सेल्सियस, साधारण २० मिनिटं, कडा जेमतेम सोनेरी. पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाचं घट्ट आयसिंग कुकी पूर्ण गार झाल्यावरच लावा, गरमवर सगळं ओघळतं.