कोडिंगचा क्लास लावू का नको? माझं काय झालं ते सांगते

हिशेबाची नोकरी सोडून मी कोडिंगकडे वळले ती घरबसल्या व्हिडिओ बघूनच, आणि क्लास लावणाऱ्यांना मनातल्या मनात हसायचे पण. लूप, फंक्शन, सिंटॅक्स असला कोडिंगचा पाया सगळा फुकट मिळतो, हार्वर्डचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स सुद्धा ऑनलाइन फुकट आहे. तेवढ्यासाठी क्लासला पैसे घालू नका, सरळ सांगते.

मी आपटले ते भलतीकडेच. पायथन या कोडिंगच्या भाषेत दोन याद्या ताडून बघायच्या होत्या, पहिलीतले कुठले ग्राहक दुसरीत नाहीत एवढंच. एकेक नाव घेत जाणारा लूप लावला, आत 'इन' टाकलं, म्हणजे हे नाव दुसरीत आहे का, २० ओळींवर चालवून बघितलं, उत्तर बरोबर. मग खऱ्या याद्या आल्या, प्रत्येकी २ लाखांच्या, आणि प्रोग्राम हलेचना! लिस्टमध्ये 'इन' म्हणजे पहिल्यापासून एकेक तपासत जाणं, नाव नसेल तर पार शेवटपर्यंत, म्हणजे २ लाख गुणिले २ लाख, वाईटात वाईट ४००० कोटी वेळा तुलना. सीनियरने दुसऱ्या लिस्टचा सेट केला, म्हणजे तीच नावं झटकन शोधता येतील अशा संचात ठेवली, एक ओळ, बास. सेट हॅश, म्हणजे नावावरून काढलेला आकडा, वापरून थेट जागेवर बघतो, त्यामुळे निकाल लगेच आला. मी नुसती बघत बसले.

सेट मला माहीत होता हो! पण एरर आला की आपण शोधतो, आणि इथे एररच नव्हता, मग शोधणार काय? एकट्याने शिकताना हे असंच निसटतं आणि आपल्याला कळतही नाही.

म्हणून मग डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमचा, म्हणजे माहिती कशी ठेवायची आणि काम कुठल्या पायऱ्यांनी करायचं याचा, क्लास लावला. सुरुवातीला व्हेरिएबल म्हणजे काय असलं मला येत असलेलंच शिकवण्यात आठवडे गेले, जाम वैताग. पण असाइनमेंट मोठ्या इनपुटवर, वेळेची मर्यादा लावून तपासायचे, तिथे माझं 'चालतंय की' धडाधड नापास व्हायला लागलं. पैसे वसूल झाले ते तिथे. त्यामुळे फी भरण्याआधी विचारा, माझा कोड कोणी वाचणार आहे का? नुसते सर्टिफिकेट देत असतील तर राहू दे. आणि 'कर तू, जमेल' एवढंच म्हणणारे मेंटॉर असतात ना, त्यांच्यापेक्षा तुमच्या कोडवर खेकसणारा बरा, हे माझं मत.

बाकी उशीर झाला वगैरे मनात आणू नका. ताळा जुळवायची जुनी सवय मला कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहिताना रोज उपयोगी पडते. रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, मात्र अजूनही कागदावर काढल्याशिवाय कळत नाही.