डुप्लिकेट, फोर्ज्ड, बोगस : इंग्रजी बोलता-लिहिताना या चुका टाळा

तुळशीबागेत 'हे डुप्लिकेट आहे का हो?' असं विचारलं की दुकानदाराला नेमकं कळतं. तोच शब्द परदेशी ग्राहकाच्या ईमेलमध्ये गेला की घोटाळा होतो. नकली वस्तूंसाठी आपल्या तोंडात बसलेले बरेचसे शब्द इंग्रजीतूनच आलेत, पण त्यांना अर्थ आपण इथले दिलेत. शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून चूक लक्षातच येत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ 'डुप्लिकेट'चा. इंग्रजीत डुप्लिकेट म्हणजे तशीच दुसरी प्रत. त्यात फसवणूक असतेच असं नाही. मूळ गुणपत्रिका हरवल्यावर विद्यापीठाकडे अर्ज करून मिळवलेली डुप्लिकेट मार्कशीट पूर्ण अस्सल असते. मुलाखतीत तसं सांगायला कचरू नका. फक्त पुढे 'इश्यूड बाय द युनिव्हर्सिटी' जोडा, म्हणजे समोरचा मराठी असला तरी शंका घेणार नाही.

याच्या उलट प्रसंग पाहा. गोदामात नकली बेअरिंग सापडली आणि तुम्ही जर्मनीला कळवलंत, 'वुई फाउंड डुप्लिकेट बेअरिंग्ज'. तिकडचा माणूस समजेल की माल चुकून दोनदा आला, आणि जादाचा परत पाठवा म्हणेल. इथे शब्द हवा 'काउंटरफिट', म्हणजे दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव, खूण, पॅकिंग हुबेहूब उतरवून फसवण्यासाठी केलेला माल. सुट्या भागांच्या धंद्यात 'स्प्युरिअस पार्ट्स'ही रुळलेलं आहे. 'आफ्टरमार्केट पार्ट' मात्र नकली नव्हे. गाडीच्या कंपनीऐवजी दुसऱ्या उत्पादकानं आपल्या नावावर विकलेला तो भाग असतो. त्याला काउंटरफिट म्हणालात तर प्रामाणिक पुरवठादारावर नाहक आळ येतो.

पुण्यात आणखी एका शब्दाला जपायला हवं, तो म्हणजे 'फोर्ज्ड'. सही, दाखला, खरेदीखत यांच्याआधी आला तर अर्थ बनावट. पण फोर्ज म्हणजे मुळात धातू तापवून, ठोकून घडवणं. मुंढव्याच्या भारत फोर्जच्या नावातला फोर्ज तोच. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत 'फोर्ज्ड क्रँकशाफ्ट' हा गुण आहे, कारण घडवताना धातूच्या आतली ठेवणही भागाच्या आकाराबरोबर वळते आणि वारंवार ताण पडून धातूला येणाऱ्या थकव्यापुढे भाग जास्त टिकतो. म्हणून घडीव भागांचा चाचणी दाखला पाठवताना विषयाच्या ओळीत 'फोर्ज्ड पार्ट्स टेस्ट सर्टिफिकेट' लिहा. घाईत 'फोर्ज्ड सर्टिफिकेट' लिहिलंत तर तुम्ही बनावट दाखला जोडल्याची लेखी कबुलीच दिलीत.

काउंटरफिट आणि फोर्ज्ड हे एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत. कायद्याची भाषाही हा भेद पाळते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाणी-नोटांच्या 178व्या कलमात काउंटरफिटिंग आहे, तर दस्तऐवजांच्या 336व्या कलमात फोर्जरी. 'फोर्ज्ड शूज' म्हणालात तर कुणालाही खटकेल.

'फर्स्ट कॉपी' हा आपल्या बाजाराचा शब्द, परदेशी माणसाला तो बहुधा कळणार नाही. 'रेप्लिका' जपून वापरा. दिवाळीत सोसायटीच्या अंगणात मुलांनी केलेल्या राजगडाला रेप्लिका म्हणणं रास्त आहे, पण ऑनलाइन विकली जाणारी 'रेप्लिका वॉच' बहुतेकदा काउंटरफिटच असते, आणि विकणाऱ्यानं सोज्वळ शब्द मुद्दाम निवडलेला असतो.

बोगस डॉक्टर म्हणजे 'क्वॅक'. दुसऱ्याच्या जागी परीक्षेला बसणारा डमी म्हणजे 'इम्पोस्टर'. नुसतं 'डमी' म्हटलं तर इंग्रज माणसाला दुकानातला पुतळा किंवा बाळाची चोखणी आठवेल. परीक्षेत कॉपी करताना पकडला, यासाठी 'ही वॉज कॉट चीटिंग'. कवळी आणि छताला 'फॉल्स' लावतात, म्हणजे फॉल्स टीथ, फॉल्स सीलिंग. तिथे 'फेक' नको. लक्ष्मी रोडवरची इमिटेशन ज्वेलरी परदेशात 'कॉस्च्यूम ज्वेलरी' म्हणून ओळखली जाते.

औषधांच्या बाबतीत मात्र घाई नको. भेसळीचं ते 'अडल्टरेटेड', आणि दुसऱ्याच्या नावाखाली विकलेलं ते 'स्प्युरिअस'. 1940च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात यांची 17अ आणि 17ब अशी वेगळी कलमं आहेत. तक्रार लिहिताना चुकीचा शब्द पडला तर तपासणारा भलतीच गोष्ट शोधत बसेल.

पुस्तकांचंही तसंच. पदपथावर स्वस्तात मिळणारी चोरटी आवृत्ती 'पायरेटेड', तिच्यावर लेखकाचं नाव असतं. लेखकाचं नाव गाळून मजकूर आपला म्हणून खपवला तर ते 'प्लेजरिझम'. पीएचडी करणाऱ्यांनी यूजीसीचे 2018चे नियम वाचून ठेवावेत. त्यांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे मात्र पायऱ्या चढत जातात. आणि मार्गदर्शकांसमोर हा शब्द 'प्लॅगिॲरिझम' असा उच्चारू नका, त्यातल्या 'जी'चा उच्चार 'ज' होतो.