मधुमेहात आंबा: किती खायचा आणि साखर कधी मोजायची

ग्लुकोमीटरला फक्त ग्लुकोज कळतं. फळातलं फ्रुक्टोज त्याला दिसत नाही. ते आतड्यातून यकृताकडे जातं, तिथे त्याचा काही भाग ग्लुकोज होतो आणि वरचेवर जास्त येत राहिलं तर चरबी बनते. आंब्यातल्या साखरेत निम्म्याहून जास्त वाटा फ्रुक्टोजचाच, कारण त्यातली बरीचशी साखर ऊस-साखरेसारखी जोडसाखर असते आणि तिचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो; उरलेल्या साखरेतही ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त. म्हणून आकडा चांगला आला तरी माप सोडायचं नाही.

माप असं: साल आणि कोय काढून १०० ग्रॅम गर, काट्यावर तोलून. यात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं येतात. मध्यम हापूसच्या एका फळाचा गर बहुधा याहून जास्तच भरतो, त्यामुळे ‘एकच आंबा’ हे माप धरू नका. फोडी चावून खा. आमरसात दोन-तीन फळं सहज जातात, वर साखर आणि पुऱ्या; बिघडतं ते इथेच. जेवणावर आंबा नको, दुपारी चार-पाचला खा. जेवणातच हवा असेल तर एक पोळी किंवा तेवढाच भात कमी करा.

खाण्याआधी साखर मोजा. १३० च्या वर असेल तर त्या दिवशी राहू द्या. आंबा खाल्ल्यावर पहिल्या घासापासून वेळ धरून एका तासाने आणि दोन तासांनी मोजा. १८० च्या आत राहायला हवी. आधीच्या आकड्यापेक्षा ५० हून जास्त चढली तर पुढच्या वेळी फोडी निम्म्या.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. आंबा चिरलेल्या बोटाला सुई टोचली की बोटावरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि आकडा खोटाच वर जातो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून भागत नाही. साबणाने हात धुवा, नीट कोरडे करा, मग टोचा.

‘डायबेटिक’ मिठाईच्या पाकिटावर फ्रुक्टोज लिहिलेलं असेल तर ती न घेतलेलीच बरी. मीटरवर फार चढ दिसत नाही, पण ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढू शकते. फळातलं फ्रुक्टोज तंतू आणि पाण्यासोबत हळूहळू येतं, मिठाईतलं एकदम.

साखर ७० च्या खाली गेली तर मात्र आंबा शोधत बसू नका. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी परत मोजा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज (आतड्यात साखर फुटणं लांबवणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या) चालू असेल तर साधी साखर वेळेवर फुटत नाही, म्हणून ग्लुकोजच हवं. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरियाच्या (ग्लिमेपिराइडसारख्या) गोळ्या घेणाऱ्यांनी ग्लुकोजची डबी पिशवीत ठेवावी.