कंसातलं नाव वाचायला शिका

आठ पायांच्या कोळ्यांच्या वर्गीकरणात नवीन असाल आणि पहिल्याच कामाला पॅराथ्यूमा हाती आला असेल, तर घाबरू नका. लहानसंच जीनस, म्हणजे जवळच्या स्पीशीजचा गट, आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खडकांच्या फटींत, बार्नेकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या प्राण्याच्या रिकाम्या कवचात राहणारे कोळी. माझे मात्र चार महिने त्यात गेले, म्हणून लिहितेय.

मी तुलनेचा तक्ता करत होते. एका ओळीत स्वेन्सिया आर्माटा, खाली सहाव्या ओळीत पॅराथ्यूमा आर्माटा. लक्षणं वेगवेगळ्या पेपरांतून उतरवलेली, आणि दोघांमधले फरकसुद्धा मी शोधून ठेवले होते. कोळी एकच निघाला! मार्पल्स या संशोधकाने १९६४ साली तो स्वेन्सिया म्हणून नोंदवला, पुढे ते जीनसच पॅराथ्यूमात विलीन झालं. मी मांडलेले फरक चित्र काढणाऱ्यांच्या हातांतले होते.

एवढं सगळं एका कंसाने वाचलं असतं. नावापुढे पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव आणि साल (मार्पल्स, १९६४) असं कंसात दिसलं, की ती स्पीशीज मुळात दुसऱ्या जीनसमध्ये होती. २०१६ साली इराणमधून आलेल्या पॅराथ्यूमा एनिग्मॅटिकाला कंस नाही, कारण तिचं जीनस पहिल्यापासून हेच. कंस दिसला तर मूळ पेपर हातात येईपर्यंत थांबा. शोधताना नावाचं शेपूटही बदलून बघा. बर्म्युडाच्या कोळ्याला बँक्स या संशोधकाने १९०२ मध्ये युटिचुरस इन्सुलानस म्हटलं. जीनस बदललं, व्याकरणातलं लिंग बदललं, आणि तो इन्सुलाना झाला. मी नुसतं 'इन्सुलाना' शोधत बसले होते. मेक्सिकोचा कोर्टेझा इंटरएस्टाही आता याच जीनसमध्ये आहे.

कुळावर तर अजिबात विसंबू नका. हे जीनस आधी नॅफोसिडीत, मग डेसिडीत, आणि इराणच्या त्या पेपरात डिक्टिनिडीत. डेसिडीतलं डेसिस हे जीनससुद्धा भरतीच्या पाण्याखाली जगतं, पण शेजारी म्हणून कुणी सख्खा होत नाही.

"थेट डीएनए कर, वेळ वाचेल" म्हणणारे मार्गदर्शक भेटतील. मला ते पटत नाही. डीएनए नातं सांगेल. नमुन्याच्या बाटलीवरचं जुनं नाव कुठल्या पेपरातलं, ते तुम्हालाच शोधावं लागतं. एपिगाइन (मादीच्या जननांगाचा भाग) काढा, लवंगतेलात ठेवा, पारदर्शक झालं की स्वतः चित्र काढा. पहिली दहा वाईट येतील, येऊ द्या. माझीही आलीत.

आता माझ्या तक्त्यात 'मूळ नाव' असा वेगळा रकाना आहे. तो भरल्याशिवाय मी मायक्रोस्कोपचा दिवा लावत नाही.