लाल गाडीवरचं पांढरं पुरळ

"बाबा, गाडीला पुरळ आलंय," सूनबाई खाली गेली आणि पर्स न ठेवताच वर परत आली. जाऊन बघतो तर बॉनेट, टप आणि डाव्या बाजूची दोन्ही दारं पांढऱ्या बारीक ठिपक्यांनी भरलेली. लांबून पीठ सांडल्यासारखं दिसत होतं. आदल्या दिवशी गच्चीवरच्या टाकीची शिडी आणि जिन्यांची ग्रिलं रंगवायला माणसं आली होती. ब्रशनं करायचं काम कंत्राटदारानं स्प्रे गन लावून दुपारपर्यंत उरकलं होतं. वाऱ्यानं निम्मा रंग ग्रिलवर बसवला आणि निम्मा खाली पार्किंगमध्ये.

मी तेहतीस वर्षं पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये काढली. म्हणून पुरळ बघून दचकलो नाही. दचकलो ते कंत्राटदाराच्या माणसाच्या हातातली बाटली बघून. "काका, थिनर मारतो, दोन मिनिटांत निघेल." शेजारच्या पांढऱ्या गाडीवर त्याचा हात फिरूनही झाला होता. दारावरचे ठिपके गेले होते, पण पुढच्या दिव्याच्या काचेवर मोतीबिंदू झाल्यासारखी साय आली होती. ती काच नसतेच. पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं आणि एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करायचं जहाल थिनर) त्याचा शत्रू आहे. तुमच्याकडे असं काही झालं तर पहिलं काम हे: बाटली काढून घ्या. दुसरं काम, काहीही पुसण्याआधी फोटो काढून ठेवा, जवळून आणि लांबून. भरपाईचं बोलणं नंतर होतं आणि तेव्हा गाडी स्वच्छ असते.

घाई का नको, ते सांगतो. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन रंग असतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा, म्हणजे दीड-दोन केसांची जाडी. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. चमक त्याचीच आणि उन्हापासून रंगाला वाचवणारंही तेच. त्यातले सात-आठ मायक्रॉन घासून घालवले की काही वर्षांनी तिथं रंग फिका पडायला आणि पापुद्रे सुटायला लागतात. आपल्याला वर बसलेला दाणा काढायचाय, खालचं कातडं नाही. सगळी युक्ती एवढीच आहे, बाकी सगळा धीर.

आधी गाडीवर नेमकं काय बसलंय ते विचारा. रंगाऱ्याला विचारा, डबा बघा. बाहेरच्या भिंतीचा इमल्शन असेल आणि त्याच दिवशी लक्षात आलं तर शॅम्पूच्या पाण्यानं बराचसा जातो, कारण तो पाण्यातलाच रंग आहे. वाळला की मात्र पाण्याला दाद देत नाही. ग्रिलचा ऑइल पेंट हवेतल्या ऑक्सिजननं हळूहळू पक्का होतो. पहिले काही दिवस टर्पेंटाइननं मऊ पडतो, महिन्यानं हट्टी होतो. सगळ्यात वाईट हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घालून मारलेला पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग, शेजारच्या गॅरेजमधून किंवा फर्निचरच्या कामावरून उडून येतो तो. तो एकदा पक्का झाला की टर्पेंटाइननं हलत नाही, त्याला खाली सांगितलेला क्ले हाच उपाय. चुना किंवा सिमेंटचे शिंतोडे असतील तर प्रकार वेगळा: घासू नका, त्यात वाळू असते. पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून, फडकं भिजवून पाच मिनिटं ठेवायचं, विरघळलं की भरपूर पाण्यानं धुवायचं.

लांबून आलेला रंग काढायला सोपा जातो. थेंब हवेतच अर्धवट वाळतो आणि पत्र्यावर दाण्यासारखा नुसता टेकतो. दोन-तीन फुटांवरून ओला येतो तो पसरून चिकटतो. आमचा चौथ्या मजल्याच्या वरून आला होता, म्हणून माझ्या जिवात जीव होता.

आता गाडीची चौकशी. सूनबाईची गाडी नऊ वर्षांची. मागचं डावं दार एकदा रिक्षानं घासल्यावर बाहेरून रंगवलेलं. माझ्याकडे जाडी मोजायचं मीटर आहे: बॉनेटवर ११५, त्या दारावर २८०. म्हणजे दारावर जुन्या रंगावर नवा रंग आहे आणि तो कोणत्या प्रतीचा हे देव जाणे. तुमच्याकडे मीटर नसेल तर पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन दाराच्या खालच्या कडेला, दिसणार नाही अशा जागी हलकेच फिरवा. फडकं गाडीच्या रंगाचं झालं तर वर क्लिअर कोट नाही, किंवा उरलेला नाही. तिथं टर्पेंटाइनचा हात जपून, आणि घासणं त्याहून जपून. टर्पेंटाइनची चाचणीही आधी अशाच लपलेल्या जागी करायची, पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला.

सकाळी सातला सुरुवात केली. पत्रा थंड हवा. हाताची पालथी बाजू ठेवून गरम लागला तर काम सुरूच करू नका, साबण आणि टर्पेंटाइन दोन्ही वाळून डाग पाडतात. धुणं दोन बादल्यांनी, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं, फडकं दरवेळी साध्यात खळबळून मगच शॅम्पूत. वरून खाली. चाकांचं फडकं वेगळं. धूळ राहिली तर पुढच्या घासण्यात तीच पॉलिश पेपरचं काम करते.

धुतल्यावर पिशवीची चाचणी. पावाची पातळ पिशवी हातात मोज्यासारखी घाला आणि ओल्या पत्र्यावरून बोटं फिरवा. नुसत्या बोटाला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा लागतो. (भाजीवाल्याची पातळ पिशवी यासाठी फार उत्तम होती, २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर आमच्याकडे पावाचीच उरली.) रवा कुठं कुठं लागतो ते लक्षात ठेवा. आमच्याकडे उजवी बाजू साफ होती, तिला मी हातही लावला नाही.

मग क्ले. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात क्ले बार म्हणून मिळतो, मुलांच्या खेळायच्या मातीसारखा दिसतो, पण त्यात अतिशय बारीक घासणारी भुकटी मळलेली असते. पृष्ठभागावर उभा असलेला दाणा तो कापून उचलतो आणि आपल्यात ओढून घेतो. बारीक आणि जाड अशा प्रती असतात, सुरुवात बारीकच्या प्रतीनं करा. मला शंभर ग्रॅमची वडी साडेचारशेला मिळाली. चार तुकडे केले, एक कोमट पाण्यात टाकला, मऊ झाल्यावर तीन बोटांएवढी चपटी पुरी थापली. स्प्रेच्या बाटलीत लिटरभर पाण्यात झाकणभर गाडीचा शॅम्पू. कपड्यांची पावडर नको, तिचे न विरघळलेले कण ओरखडे काढतात.

दीड-दोन फुटांचा चौकोन धरायचा. पाणी भरपूर मारायचं, इतकं की क्ले घसरला पाहिजे, अडला नाही पाहिजे. मग बोटांच्या टोकांनी नव्हे, तीन बोटं सपाट ठेवून सरळ रेषेत पुढं-मागं. गोल गोल फिरवायचं नाही. गोल ओरखडे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात, सरळ रेष निदान नजरेत कमी भरते. जोर किती? ओल्या काचेवरून साबणाची वडी सरकवताना लावाल तेवढाच. सुरुवातीला खरखर आवाज येतो, हाताला दाणे लागतात. आठ-दहा फेऱ्यांत आवाज बंद होतो आणि क्ले सरकन पळायला लागतो. त्या शांततेवर विश्वास ठेवा, डोळ्यांवर नको. मग पुसून पुन्हा पिशवी.

क्ले उलटून बघा. पांढरे कण दिसले की घडी घालून नवी बाजू वर काढायची. आणि खाली पडला तर तो तुकडा गेला. धुऊन वापरू असं मनात येतं, माझ्याही आलं, शेवटी साडेचारशेची वडी आहे. पण पार्किंगच्या फरशीवरचा एक खडा त्यात रुतला तर पूर्ण बॉनेटभर नांगर फिरतो. माझा एक तुकडा पडला, टाकून दिला, आणि नातवानं उचलून त्याचा हत्ती केला.

बॉनेट आणि टप एवढ्यावर साफ झाले. पुढच्या डाव्या दारावर वीसेक ठिपके हलेनात, जरा ओले येऊन चिकटलेले. त्यांच्यासाठी टर्पेंटाइन. मायक्रोफायबर फडक्याचं टोक ओलं करायचं, निथळतं नको, आणि ठिपक्यावर अर्धा मिनिट नुसतं टेकवून ठेवायचं. मऊ पडला की एकदा हलकेच पुसायचं, फडक्याची बाजू बदलायची, पुढचा ठिपका. पाच-सहा ठिपके झाले की ती जागा शॅम्पूच्या पाण्यानं धुऊन टाकायची. हातात मोजे, जवळ विडी-सिगारेट नाही, बंद तळघरात काम नाही. रॉकेलनंही हेच होतं असं जुने लोक सांगतात. होतं, पण तेलकट थर मागे राहतो आणि दोन दिवस गाडीला वास येतो. थोड्याच दिवसांच्या इमल्शनचे ठिपके असतील तर टर्पेंटाइनऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, तेही निम्मं पाणी घालून.

रंगवलेल्या मागच्या दाराला मी टर्पेंटाइन लावलं नाही. कडेच्या चाचणीत फडकं गुलाबी झालं होतं. तिथं फक्त क्ले, दुप्पट पाणी आणि तीन वेगवेगळ्या सकाळी थोडं थोडं.

काचा सगळ्यात सोप्या. साबणाचं पाणी, नवं कोरं ब्लेड काचेला अगदी तिरकं धरून, एकाच दिशेनं. मागे ओढायचं नाही, ब्लेडखाली अडकलेला कण चरा पाडतो. बाहेरून फिल्म लावलेली असेल तर ब्लेड विसरा. आणि ब्लेड काचेवरच. "पत्र्यावर अलगद चालतं हो" म्हणणारा एक तरी शहाणा भेटतोच. पुढच्या-मागच्या दिव्यांना फक्त क्ले. नंबर प्लेटला फक्त साबणाचं पाणी: एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना ज्या प्लेट येतात, त्यांच्यावर प्रकाश परतवणारी फिल्म असते, टर्पेंटाइननं ती खराब होऊ शकते.

खरी डोकेदुखी काळं खरबरीत प्लास्टिक. त्याच्या रेघांत रंग जाऊन बसतो आणि क्ले तिथं काही करत नाही, उलट स्वतःच चिकटून बसतो. जुना मऊ टूथब्रश, पातळ केलेलं अल्कोहोल, आणि वेळ. थिनर लावाल तर ते प्लास्टिक कायमचं पांढरट होतं.

सगळं झाल्यावर गाडी पुन्हा पूर्ण धुवायची, मग उन्हात नेऊन तिरक्या नजरेनं बघायची. क्लेनं गडद रंगावर धूसर रेघा उठतात, त्यासाठी बारीक फिनिशिंग पॉलिश फोमच्या पॅडनं हातानं फिरवलं तरी पुरतं. जाड रबिंग कंपाउंड किंवा २००० नंबरचा पॉलिश पेपर घरी काढू नका. आम्ही तो पेंट शॉपमध्ये वापरायचो, पण शेजारी मीटर घेऊन माणूस उभा असायचा. क्ले झाल्यावर पत्र्यावर जुनं मेण उरलेलं नसतं, म्हणून त्याच दिवशी वॅक्सचा एक हात द्यायचाच.

बॉनेट, टप आणि पुढच्या दाराला दोन सकाळी मिळून पाच तास लागले. शेजारच्यांच्या दिव्यांचे पैसे कंत्राटदारानं फोटो बघून दिले, आमच्या गाडीचे मी मागितले नाहीत, क्लेची वडी तेवढी घेतली. पुढच्या खेपेला नोटीस लावताना सोसायटीनं एक ओळ वाढवली आहे: ग्रिल ब्रशनंच. त्याच्याखाली मी पेनानं लिहून आलो, रंगकाम चालू असेल तेव्हा गाडी धुऊन मगच कापडी कव्हर घाला, धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्यात हलून घासतं.

वायपरच्या खालच्या काळ्या जाळीत अजून दहा-बारा ठिपके आहेत. टूथब्रश तिथं पोचत नाही. जाळी काढायला चार क्लिप सोडवाव्या लागतात, नऊ वर्षांच्या क्लिप आहेत, तुटणार. नव्या मागवल्या आहेत, आल्या की बघू.